कपाटं येण्याआधीचं स्वयंपाकघर

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या स्वयंपाकघरात सुतारानं सगळ्यांत आधी काय केलं, तर भिंतीला ओळंबा लावला. छताजवळ दोरी भिंतीपासून एक इंचावर होती, ओट्याजवळ पोचली तेव्हा जेमतेम अर्ध्या इंचावर. मग त्यानं कोपऱ्यात गुण्या धरला, तोही टेकेना. ‘‘ताई, भिंत ओळंब्यात नाही, कोपरा गुण्यात नाही. कपाट सरळच येणार. फट कुठे घ्यायची ते आत्ताच ठरवू,’’ तो म्हणाला. चौदा वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून मी पोळ्या लाटल्या, पण ती वाकडी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

‘किचन ट्रॉल्या करून घ्यायच्यात’ असं घरात ठरलं की बोलणं सुरू होतं ते सनमायक्याच्या रंगापासून. मग दुकान, मग बजेट. भिंत, पाणी, वायरिंग, ओट्याची उंची, डब्यांची मापं यांचा विषय निघतो तो बऱ्याचदा कपाटं दारात येऊन पडल्यावर. या आधीच्या टप्प्याबद्दल गवंडी, सुतार, इंटिरियर डिझायनर, कारखानदार आणि रोज स्वयंपाक करणारी माणसं यांची मतं एकसारखी नाहीत. काही बाबतींत सगळे एका सुरात बोलतात, काही बाबतींत टोकाचे मतभेद आहेत. ते सगळं एकत्र मांडून पाहावं, असा या लेखाचा हेतू आहे.

फडताळ, मांडणी, ट्रॉली

जुन्या मराठी घरात स्वयंपाकघराचं कपाट असं वेगळं नव्हतं. भिंत बांधतानाच गवंडी कोनाडे आणि फडताळ सोडायचा. दूध-लोणी शिंक्यावर, धान्य कणगीत किंवा उतरंडीत, भांडी मांडणीवर. चूल जमिनीवर, स्वयंपाक पाटावर बसून. साठवण एक तर भिंतीच्या आत होती, नाही तर आढ्याला टांगलेली, नाही तर सुटी. भिंतीला मागून काही ‘बसवण्या’चा प्रश्न फारसा यायचा नाही.

स्वयंपाक उभ्यानं होऊ लागला तो शहरात, आणि विशेषतः गॅस आल्यावर. मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५०च्या दशकात आला, ‘इंडेन’ची सुरुवात १९६५ची. शेगडी वर गेली तशी तिच्याखाली जागा तयार झाली. मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत ती जागा फार मोलाची होती. कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांवर आडवी फरशी टाकून ओटा, खाली सिलिंडर, कळशी, पिठाचा डबा आणि पुढे दोरीवर पडदा, असं चित्र दोन पिढ्यांनी पाहिलं आहे. पुढे त्याच कडाप्प्यांच्या मधे स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या आल्या. म्हणूनच पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात आजही लोक सगळ्या प्रकाराला सरसकट ‘ट्रॉल्या’ म्हणतात.

दुसरी परंपरा युरोपातली. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या गृहनिर्माण योजनेसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आगगाडीच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. डाळ-तांदळासारख्या जिनसांसाठी ओतायला सोपे अॅल्युमिनियमचे खण होते, आणि पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचे खण ओक लाकडाचे. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसली. आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. हे आखलं तेव्हा आपल्याला स्वयंपाकाचा स्वतःचा अनुभव नव्हता, असं लिहोत्स्कींनीच पुढे सांगितलं. त्याऐवजी त्यांनी हालचाली मोजल्या, पावलं मोजली.

मला इथे महत्त्वाचा वाटतो तो वेगळा मुद्दा. फ्रँकफर्टमध्ये भिंत, नळ, खिडकी, शेगडी आणि कपाट यांचा आराखडा एकाच कागदावर झाला होता. आपल्याकडे भिंत बिल्डरची, नळ प्लंबरचा, टाइल्स मालकाच्या आवडीच्या आणि कपाट सगळ्यात शेवटी, यांतल्या कुणालाच न भेटलेल्या माणसाचं. आता तर कपाट मिलिमीटरच्या मापानं कारखान्यातून तयार होऊन येतं. नवी मुंबईत तुर्भ्याला डिसेंबर २०२०मध्ये आयकिया सुरू झाल्यापासून स्वतः माप घेऊन सुटे भाग आणणारी घरंही दिसू लागली. मिलिमीटरचं कपाट आणि अर्ध्या इंचानं वाकडी भिंत यांची गाठ घालायची, म्हणून ‘तयारी’ हा वेगळा विषय झाला.

भिंत आणि पाणी

या भागात मतभेद सर्वांत कमी, आणि चुका सर्वांत महाग.

पहिली गोष्ट ओल. सिंकच्या मागची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि पावसाच्या तोंडाची बाहेरची भिंत, या तिन्ही तपासल्याशिवाय कपाट लावू नये, यावर जाणते सगळे ठाम आहेत. तपासायची पद्धत साधी आहे. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद घ्यायचा, चारही कडा चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावायच्या आणि एक रात्र तसाच ठेवायचा. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल, तर पाणी भिंतीतून येतं आहे. मी हे केलं तेव्हा दोन भिंती कोरड्या निघाल्या. तिसऱ्या, म्हणजे सिंकच्या भिंतीवर कागदाच्या आत बारीक थेंब होते, आणि खालच्या कडेशी ते एकमेकांत मिसळून ओघळले होते. बाहेरून टाइल्स अगदी स्वच्छ दिसत होत्या. टाइल काढली तेव्हा आतल्या पाइपाच्या कोपराच्या जोडातून पाण्याची सुईएवढी धार येत होती. आधीच्या ट्रॉल्यांचा तळ पाच वर्षांत पापडासारखा का फुगला, याचं उत्तर तिथे होतं. तेव्हा आम्ही प्लायला दोष दिला होता.

म्हणून टाइल्स लागण्याआधी नव्या पाइपांत दाब भरून ते किमान एक दिवस तसेच ठेवावेत आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदानं पुसून पाहावा, ही शिफारस सगळ्यांची आहे. सिंकच्या खाली पाणी बंद करायच्या कॉकला हात पोचेल एवढी जागा सोडणं, आणि मागच्या फळीला कापून झाकण ठेवणं, हेही सर्वमान्य. कोकणात आणि गोव्यात एक अट वाढते. तिथे चार महिने हवाच ओली असते, म्हणून काम शक्यतो गणपतीनंतर, भिंती सुकल्यावर काढावं असं तिथले सुतार सांगतात. पावसात घेतलेलं माप आणि उन्हाळ्यात बसवलेलं लाकडी दार यांचं जमत नाही, हा त्यांचा अनुभव.

दुसरी गोष्ट भिंतीची जात. वरची कपाटं डबे-भांड्यांनी भरली की त्यांचं वजन सहज काही मणांवर जातं आणि ते सगळं मोजक्या खिळ्या-स्क्रूंवर पेललेलं असतं. भाजलेल्या विटेची भिंत ते सहज पेलते. गेल्या काही वर्षांतल्या इमारतींत हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंती असतात. लोक त्यांना सिपोरेक्स म्हणतात. अशा भिंतीत भोक भुसभुशीत होऊन साधा प्लगचा स्क्रू निघतो. तिथे या ठोकळ्यांसाठी मिळणारे वेगळे लांब अँकर किंवा भिंतीवर आडवी लोखंडी पट्टी लागते. तिसरी जात मायवानची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींची. त्या स्वतःच इमारतीचं वजन उचलतात. त्यांत स्क्रू उत्तम धरतो, पण वायर किंवा नळासाठी खाच मारणं धोक्याचं. सळई कापली गेली तर तो प्रश्न एका घराचा राहत नाही. अशा इमारतीत पॉइंट हलवायचा तर वायर भिंतीवरून पट्टीत नेणं हाच मार्ग राहतो, आणि कपाटाची आखणी त्याप्रमाणे वाकवावी लागते. आपली भिंत कोणत्या जातीची, हे सोसायटीच्या कागदांत किंवा बिल्डरकडे विचारून घेणं हे तयारीतलं पहिलं काम, असं माझं मत झालं आहे. तोडफोडीची परवानगी, कामाच्या वेळा, राडारोडा कुठे टाकायचा हे सोसायटीचं बोलणंही त्याच वेळी उरकतं.

तिसरी गोष्ट कीड. वाळवी जमिनीतून किंवा भिंतीच्या फटीतून येते. लाकडावर फवारा मारला तरी भिंतीतला मार्ग उघडा राहतो. म्हणून औषध भिंत आणि जमिनीच्या सांध्यात, कपाट येण्याआधी. झुरळांचंही तेच. जुनं सामान हललेलं असतं तो एकच दिवस असा, की सगळे कोपरे उघडे सापडतात.

वायर, गॅस, धूर

विजेबद्दल एक साधा नियम चालतो: आज आहेत त्या यंत्रांची यादी करावी आणि तिच्यात तीन पॉइंट वाढवावेत. मिक्सर, फ्रिज, पाण्याचा फिल्टर, चिमणी, ओव्हन, इंडक्शन. ओव्हन आणि इंडक्शनला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि वेगळी वायर लागते. चिमणी आणि फिल्टरचे पॉइंट वरच्या कपाटाच्या आत की बाहेर, यावर दोन मतं आहेत. आत घेतले तर दिसत नाहीत. बाहेर असले तर बंद करायला हात पोचतो. ओल्या हातांच्या खोलीत ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच हवा, यावर मात्र दुमत नाही.

गॅसच्या बाबतीत ज्या चुका होतात त्या जिवावरच्या असतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडर बंद कपाटात ठेवायचा हट्ट असेल तर कपाटाच्या तळाशी हवा खेळायला मोठी जाळी हवी, सिलिंडर उभा हवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर. महानगर गॅस किंवा एमएनजीएलसारख्या कंपन्यांच्या पाइपमधून येतो तो नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका. तो वर चढतो. तिथे जाळी वरच्या बाजूला लागते. घरात आधी सिलिंडर होता आणि नंतर पाइप आला, तरी कपाट जुनंच, जाळी खालीच, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. पाइप कपाटाच्या मागे गाडून टाकू नये आणि तो हलवायचा असेल तर कंपनीच्याच माणसाकडून, हे कंपन्या स्वतः सांगतात. दिसायला ते बरं दिसत नाही ही डिझायनरांची तक्रार खरी आहे. तरीही कॉकला हात पोचलाच पाहिजे.

धुराबद्दल थोडक्यात. चिमणीचा पाइप बाहेर जाणार असेल तर तो जितका आखूड आणि जितका कमी वळणांचा, तितकी ओढ चांगली. भोक पाडायची जागा वरच्या कपाटांच्या आधी ठरते, नंतर नाही.

ओट्याची उंची

इथून मतभेद सुरू होतात.

गवंड्यांची पिढीजात उंची ३२ ते ३४ इंच. कारखान्यांची कपाटं युरोपच्या मापानं आखलेली असली तर सगळं मिळून ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे ३५ इंचांच्या वर जातात. कोण बरोबर? उभ्यानं करायच्या हलक्या कामासाठी पृष्ठभाग कोपरापेक्षा १० ते १५ सेंटीमीटर खाली असावा, असं शरीरमापाचं शास्त्र सांगतं. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास. तिचा कोपर साधारण ९६ सेंटीमीटरवर येतो. म्हणजे तिला सोयीचा ओटा ८१ ते ८६ सेंटीमीटर, इंचांत ३२ ते ३४. गवंड्याचं माप पुस्तकाशी तंतोतंत जुळतं, हे पाहून मला फार समाधान वाटलं.

पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही वजनदार आहे. सरासरी बाई कुठल्याच घरात राहत नाही. आता स्वयंपाक एकटी बाई करत नाही. पाच फूट दहा इंचांचा मुलगा किंवा जावई ३२ इंचांच्या ओट्यावर कांदा चिरतो तेव्हा त्याची पाठ जाते. शिवाय ओटा काही एका कामाचा नाही. सिंकचा तळ ओट्यापेक्षा आठ इंच खाली असतो, म्हणून भांडी घासताना वाकावं लागतं. तिथे ओटा उंच हवा. शेगडी आणि वर पातेलं धरलं तर काम आणखी सहा-आठ इंच वर जातं. तिथे ओटा खाली हवा. आणि कणीक मळणं, भाकरी थापणं ही जोर लावायची कामं. ती पूर्वी परात पुढ्यात घेऊन जमिनीवर बसून व्हायची, तेव्हा अंगाचं वजन आपसूक खाली यायचं. उभ्यानं करायची तर पृष्ठभाग कोपरापासून चांगला वीतभर खाली लागतो. काही डिझायनर यावर दोन पातळ्यांचा ओटा सुचवतात. विरोधकांचा आक्षेप असा, की पायरी आली की भांडं सरकवता येत नाही, आणि लहान स्वयंपाकघरात पायरीची कड वाया जाते. तिसरा तोडगा म्हणजे ओटा उंच माणसाच्या मापाचा ठेवायचा आणि मळण्या-थापण्यासाठी खणातून ओढायची खालची फळी करायची. ही फळी मी दोन घरांत पाहिली. एकीकडे तिच्यावर रोज भाकऱ्या होतात. दुसरीकडे ती पहिल्या महिन्यानंतर ओढलीच गेली नाही, कारण चॅनल हलका होता आणि थापताना फळी डुगडुगायची.

मला पटलेली पद्धत अशी. माप घ्यायच्या दिवशी घरात जो सर्वांत जास्त वेळ स्वयंपाक करतो, त्यानं रोजची चप्पल घालून (किंवा रोज अनवाणी असेल तर अनवाणी) इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहावं. टेबलाची उंची वर-खाली करत पोळी लाटून पाहावी, विळी नाही तर सुरी चालवून पाहावी. जी उंची पाच मिनिटांनंतरही बरी वाटेल ती भिंतीवर पेन्सिलनं मांडावी. ग्रॅनाइटची जाडी आणि जमिनीवरची नवी टाइल धरून तिथून खाली मोजत यावं. नवी टाइल धरायची राहून जाते आणि ओटा पाऊण इंचानं बुटका होतो, ही चूक फार घडते.

कशाचं करायचं

सर्वांत जास्त बोललं जातं ते याविषयी, आणि शब्दांचा सर्वांत मोठा गोंधळ इथेच.

प्लायच्या दुकानात ‘७१०’ हा आकडा सतत ऐकू येतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ७१० या मानकाचा, मरीन प्लायचा. या प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत, अशी त्याची परीक्षा आहे. सर्वसाधारण वापराच्या प्लायचं मानक आयएस ३०३. त्यात एमआर दर्जा, ज्याला दुकानदार कमर्शियल म्हणतात, तो फक्त दमट हवा सोसतो. ६० अंशांच्या पाण्यात तीन तास एवढीच त्याची कसोटी. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घरी आलेला प्लाय यांतला नेमका कोणता, हे शीटवरच्या छापावरून पाहायचं असतं. आणि एक मर्यादा लक्षात ठेवायची. ७२ तासांची परीक्षा थरांमधल्या गोंदाची आहे. कापलेली कड उघडी राहिली तर ती पाणी पितेच. म्हणून कडा कशा बंद करणार, हा प्रश्न प्लायच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा.

प्लायचे पुरस्कर्ते म्हणतात: स्क्रू घट्ट धरतो, एकदा निघाला तर पुन्हा बसतो, सुताराला दुरुस्त करता येतो. दाबलेल्या लाकडाच्या बोर्डाचे, म्हणजे एमडीएफ आणि आजकालच्या एचडीएचएमआरचे पुरस्कर्ते म्हणतात: पृष्ठभाग एकसंध, आत पोकळी नाही, शटर वाकत नाही, यंत्रावर कड नेमकी कापली जाते. साधा पार्टिकल बोर्ड स्वस्त, पण पाण्यापुढे टिकत नाही, हे दोन्ही बाजू मान्य करतात. पुष्कळ कारखाने आता मधला मार्ग घेतात: सिंकखालचा बॉक्स मरीन प्लायचा, बाकीचे बोर्डाचे. बोर्डाबद्दलचा आणखी एक मुद्दा हवेचा. या पदार्थांच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनं तो २००४मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरला. प्लायमध्येही गोंद असतोच. म्हणून लाकडाच्या जातीबरोबर उत्सर्जनाचा वर्ग, ई-वन की ई-झीरो, विचारून घ्यावा, ही मागणी हळूहळू रुजते आहे आणि ती रास्त आहे.

स्टीलच्या समर्थकांच्या मते ओल आणि वाळवी हे दोन्ही प्रश्नच संपतात. त्यांच्या विरोधातले मुद्दे म्हणजे किंमत, आवाज आणि पोचे. स्टील घेताना लोक चुंबक लावून पाहतात. त्यानं ३०४ आणि त्यापेक्षा कमी निकेलचं २०२ यांतला फरक कळत नाही. दोन्हींना चुंबक सहसा धरत नाही. गंजाच्या दृष्टीनं फरक मात्र मोठा आहे, विशेषतः समुद्रकाठच्या गावांत.

आणि एक पर्याय कुठल्याही शोरूममध्ये नसतो. उभे आणि आडवे कडाप्पे, आतून टाइल्स, बाहेर फक्त शटर. कोकणातली, देशावरची कितीतरी घरं आजही हेच करतात. पाणी सांडलं तर पुसायचं, वाळवी येण्याची भीती फक्त शटरापुरती. वापरण्याजोगी जागा मात्र कडाप्प्याच्या जाडीनं घटते आणि एकदा बांधलं की बदल नाही. हा पर्याय गरिबाचा समजून बाजूला टाकला जातो, याचं मला वाईट वाटतं. ओल्या हवेत त्याच्याइतका टिकाऊ पर्याय मी पाहिलेला नाही.

सुतार की कारखाना

सुताराची बाजू: तो वाकड्या भिंतीला फळी घासून बसवतो, अडचणीच्या खांबाभोवती कपाट वळवतो, मापं तुमच्या डब्यांची घेतो. कारखान्याची बाजू: बिजागरीची भोकं नेमकी, कडा यंत्रानं चिकटवलेल्या, घरात भुसा आणि फेव्हिकॉलचा वास महिनाभर नाही, आणि लेखी हमी. भिंत वाकडी असेल तर कारखान्याचं कपाट कडेला तीन-चार सेंटीमीटरची फिलर पट्टी घेऊन बसतं. सुताराचं तसं नसतं. दोन्हीकडे चांगली आणि वाईट कामं मी पाहिली आहेत; माणसाचा हात आणि मालकाची तयारी, या दोन गोष्टींनी जास्त फरक पडतो.

दर विचारताना मात्र सावध राहावं लागतं, कारण दर कशाचा हे दोघं वेगवेगळं धरतात. दहा फुटांचा ओटा घ्या. रनिंग फुटांत तो १० फूट. समोरून शटरचं क्षेत्रफळ मोजलं, उंची अडीच फूट धरून, तर २५ चौरस फूट. आणि आतल्या सगळ्या फळ्या, तळ, कप्पे, पाठ धरून लागलेला बोर्ड मोजला तर तो आकडा १००च्या पुढे जातो. एकच काम, तीन मोजमापं. दोन कोटेशनं शेजारी ठेवण्याआधी दोघांनाही एकाच मापात लिहून द्यायला सांगणं, आणि चॅनल, बिजागऱ्या, हँडल, सिंक यांतलं काय धरलं आहे ते ओळीओळीनं मागणं, एवढं केलं तर पुढचे निम्मे वाद होत नाहीत.

कामाच्या क्रमाबद्दल दोन घराणी आहेत. एक म्हणतं: आधी ओटा, कडाप्प्याच्या पायांवर, मग मधल्या जागांत बॉक्स. ग्रॅनाइटचं वजन दगडावर, लाकडावर नाही. बॉक्स उद्या खराब झाला तर ओटा न हलवता बदलता येतो. दुसरं म्हणतं: आधी बॉक्स, पाणसळीत, ग्रॅनाइट त्यांच्यावर. जागा वाया जात नाही, खण रुंद करता येतात. पण सिंकखालचा बॉक्स कुजला तर अख्खा ओटा उचलण्याची वेळ येते. बॉक्सच्या खाली चार इंचांचे प्लास्टिकचे पाय घ्यायचे की सिमेंटचा कट्टा, हा याच भांडणाचा धाकटा भाऊ. पायांमुळे फरशी धुताना पाणी लाकडाला लागत नाही, पण खाली झुरळांना घर मिळतं. कट्टा ते होऊ देत नाही, पण नळ फुटला तर पाणी कुठे गेलं ते कळायला उशीर होतो. एका गोष्टीवर दोन्ही घराणी एकत्र येतात: शेवटचं माप टाइल्स लागल्यावरच घ्यायचं. नकाशावरून किंवा टाइल्सच्या आधी घेतलेल्या मापावर कापलेली कपाटं घरोघरी अर्ध्या इंचासाठी अडली आहेत.

राहिली डब्यांची मापं. आमच्याकडे मी एका रविवारी सगळं स्वयंपाकघर जेवणाच्या टेबलावर आणि सतरंजीवर काढलं. पाच लिटरचा कुकर झाकणासह, सासूबाईंचा पितळी पिठाचा डबा, ताटं, पोळपाट, पुरणयंत्र, दिवाळीत निघणारी मोठी कढई. प्रत्येकाची उंची फुटपट्टीनं घेतली आणि वहीत तीन रकाने केले: रोज, आठवड्यातून, सणाला. पितळी डबा साडेचौदा इंच निघाला. कारखान्याच्या यादीतला एकही खण एवढा खोल नव्हता. सुतारानं ती वही पाहिली आणि खालचा एक कप्पा काढूनच टाकला. आता तो डबा तिथे उभा राहतो.

अजून न मिटलेलं

एचडीएचएमआरसारखे बोर्ड आपल्या बाजारात नवे आहेत. रत्नागिरी-मालवणच्या हवेत त्यांनी पंधरा-वीस पावसाळे काढलेले नाहीत, त्यामुळे प्लायवाले आणि बोर्डवाले यांचा वाद आज अनुमानांवरच चालतो. भाड्याच्या घरांचा प्रश्न तर या चर्चेत जवळजवळ येतच नाही. दर अकरा महिन्यांनी करार नवा करणाऱ्या कुटुंबाला भिंतीला न खिळता उभी राहतील आणि पुढच्या घरात नेता येतील अशी कपाटं हवी आहेत. मांडणी आणि जाळीचं कपाट हे काम करायचे. त्यांची आजची आवृत्ती कुणी गंभीरपणे आखताना दिसत नाही.

वय हा तिसरा विषय. खालची कपाटं वाकायला लावतात, वरची स्टुलावर चढायला. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी दरवाज्यांऐवजी खण बरे, यावर बहुतेकांचं एकमत होत आहे, पण सिंकखाली पाय जातील अशी मोकळी जागा ठेवून बसून काम करता येईल असा ओटा सुचवला की साठवण कमी होते म्हणून घरातलेच नको म्हणतात. खुर्चीवर बसून भाजी चिरणाऱ्या आजीचा हक्क आणि चार डब्यांची जागा यांत कशाला वजन द्यायचं, हे प्रत्येक घर आपापलं ठरवतं.

चौथा प्रश्न मोठ्या प्रमाणावर समोर आहे. २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या पहिल्या घरांच्या किल्ल्या रहिवाशांना मिळाल्या. १६० चौरस फुटांतून माणसं ५०० चौरस फुटांत गेली. अशा घरांत ओटा तयार मिळतो, त्याची उंची आणि नळाची जागा सगळ्या मजल्यांवर एक. तो ओटा तोडून आपल्या मापाचा करायचा, की त्याच्याभोवती कपाटं जुळवायची, की बांधतानाच रहिवाशांना दोन-तीन उंचींतून निवड द्यायची, यावर वास्तुविशारद, बिल्डर आणि रहिवासी यांची तोंडं अजून तीन दिशांना आहेत. तिसरा पर्याय खर्चात फारसा वाढ करत नाही असं गवंडी सांगतात. साच्यात काही बदलत नाही, फक्त कडाप्प्याचे पाय दोन इंचांनी कमी-जास्त कापायचे असतात.